घरच्या कोंबड्यांचे खाणे: पिल्लांना काय घालावे, अंड्यावरच्या कोंबडीला काय

चेन्नईत गच्चीवर किंवा मागच्या अंगणात चार-पाच कोंबड्या पाळणाऱ्या मराठी घरांतून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पिल्लांना तांदळाची कणी चालेल का? कोंबडी रोज पोटभर बाजरी खाते, तरी अंडी का घालत नाही? अंड्याचे कवच बोट लागताच का फुटते? दुकानदाराने एकच पोते दिले आहे, ते लहान-मोठ्या सगळ्यांना घातले तर काय बिघडले?

या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच समज आहे: दाणे टाकले की कोंबडीचे खाणे झाले. गावाकडे हा समज खपून जातो, कारण तिथली कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते. किडे, वाळवी, कोवळा पाला, मातीतले खडे, सगळे ती स्वतः शोधून खाते आणि संध्याकाळचे मूठभर दाणे हा नुसता वरचा घास असतो. अड्यार किंवा अण्णानगरच्या गच्चीवर सिमेंट उकरून तिला काही मिळत नाही. तुम्ही घालाल तेवढेच तिच्या पोटात जाते. म्हणून काय घालायचे, हे नीट ठरवावे लागते.

आधी वय पाहा, मग पोते निवडा

बाजारात अंड्यांच्या कोंबड्यांसाठी मुख्यतः तीन प्रकारचे तयार खाद्य मिळते. पोत्यावरचे नाव वाचल्याशिवाय ते घरी आणू नका.

- चिक मॅश किंवा स्टार्टर: पहिले ८ आठवडे. प्रथिने सुमारे २० टक्के.
- ग्रोअर मॅश: ८व्या आठवड्यापासून अंड्यावर येईपर्यंत. प्रथिने सुमारे १६ टक्के.
- लेअर मॅश: अंडी सुरू झाल्यावर. प्रथिने १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम ३ टक्क्यांहून अधिक.

सगळा घोटाळा या कॅल्शियमपाशी होतो. पिल्लांच्या आणि तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांच्या, खाद्यात ते एक टक्क्याच्या आसपास पुरते. त्यांना महिनोन्‌महिने लेअर मॅश घातला तर जादा कॅल्शियमचा भार मूत्रपिंडांवर येतो. पिल्ले खंगतात, काही मरतात, आणि वरून पाहणाऱ्याला कारण कळत नाही. उलट अंड्यावरच्या कोंबडीला ग्रोअरवरच ठेवले तर कवचासाठी ती स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम काढते आणि काही महिन्यांत पायांतून जाते.

लेअर मॅश कधी सुरू करायचा, हे तारखेवर ठरवू नका. संकरित पांढरी कोंबडी १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येते. तमिळनाडूतली छोटी गावरान कोंबडी, जिला इथे सिरुविडै म्हणतात, ती बरीच उशिरा येते. तुरा लाल होऊन भरला, तलंग घरटे शोधत कोपऱ्यात बसू लागली की खाद्य बदला. बदल एका दिवसात करू नका. आठवडाभर जुने आणि नवे मिसळून घाला.

एकाच खुराड्यात लहान-मोठ्या कोंबड्या एकत्र असतील तर? घरोघरी हीच अडचण असते आणि तिला सोपा उपाय आहे. सगळ्यांना ग्रोअर घाला आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवा. ज्या कोंबडीला अंड्यासाठी गरज असते ती स्वतःहून तो टिपते, तलंगा सहसा त्याला फारसे तोंड लावत नाहीत. ८ आठवड्यांच्या आतली पिल्ले मात्र वेगळी ठेवा. त्यांचे खाणे मोठ्या कोंबड्या फस्त करतात आणि टोचून हाकलतात.

ब्रॉयलरचे खाद्य स्वस्तात मिळाले म्हणून तलंगांना घालू नका. ते मांस वाढवण्यासाठी बनवलेले असते. त्यावर वाढलेली तलंग चरबी धरते आणि अंड्याला मागे पडते.

इथेच एक सांगून ठेवते. जत्रेत किंवा शाळेबाहेर गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्ले मुले हट्टाने घेऊन येतात. ती बहुधा अंड्यांच्या जातीची नर पिल्ले असतात, कारण हॅचरीला त्यांचा उपयोग नसतो. ती जगवायची असतील तर चिक मॅश आणि ऊब द्या, पण त्यांच्याकडून अंड्यांची आशा धरू नका. अंड्यांसाठी पिल्ले हवी असतील तर सरकारी केंद्रातून किंवा खात्रीच्या हॅचरीतून, मादी निवडून दिलेली घ्या. माधवरमच्या तमिळनाडू पशुवैद्यकीय व पशुविज्ञान विद्यापीठाने, म्हणजे तनुवासने, परसातल्या पालनासाठी चेन्नईतल्याच नंदनमचे नाव असलेल्या जाती विकसित केल्या आहेत. पिल्ले उपलब्ध आहेत का, हे तिथे विचारता येते.

पहिला आठवडा: आधी पाणी, मग खाद्य

पिल्ले घरी येतात तेव्हा प्रवासाने सुकलेली असतात. आल्या आल्या खाद्य पुढे ठेवू नका. आधी उथळ भांड्यात कोमट पाणी द्या आणि त्यात थोडा गूळ विरघळवा. भांड्यात स्वच्छ खडे टाका, नाहीतर पिल्लू त्यात पडून भिजते आणि गारठून मरते. दोन-एक तासांनी खाद्य द्या. पहिले दोन-तीन दिवस भांड्याऐवजी अंड्यांच्या कागदी ट्रेवर चिक मॅश पसरून ठेवा. गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका. त्यावर पाय घसरतात आणि पिल्लू कायमचे फेंगडे होऊ शकते.

ऊब कमी पडली तर पिल्लू खात नाही, म्हणून तीही खाण्याचाच भाग समजा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर सुमारे ३५ अंश तापमान हवे. पुढे दर आठवड्याला ते साधारण ३ अंशांनी कमी करत न्या. चेन्नईत मे महिन्यात दिवसा दिवा लावण्याची गरज सहसा पडत नाही, पण डिसेंबरच्या पावसाळी रात्री पडते. पिल्ले सगळ्यात चांगले सांगतात: दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजते आहे, पंख पसरून चोच उघडी ठेवून लांब बसली तर उकडते आहे.

पहिल्या रात्री एक तपासणी जरूर करा. पिल्लू अलगद तळहातावर घ्या आणि गळ्याच्या खाली, छातीच्या वर, उजव्या बाजूला बोटाने चाचपा. तिथे अन्नाची पिशवी असते. ती भिजवलेल्या पिठाच्या गोळीसारखी मऊ आणि भरलेली लागली तर पिल्लू खातेही आहे आणि पीतही आहे. कडक दाणेदार लागली तर पाणी कमी पडते आहे. रिकामी लागली तर त्या पिल्लाची चोच हळूच पाण्यात बुडवा आणि त्याला खाद्याजवळ नेऊन ठेवा. एकदा समजले की ते स्वतः खाऊ लागते.

कणीबद्दल: पिल्लांना भरडलेली कणी चिमूटभर चालते, पण तिच्यात प्रथिने जेमतेम ८ टक्के असतात. नुसत्या कणीवर वाढलेल्या पिल्लाचे पंख नीट भरत नाहीत आणि वाढ खुंटते.

किती लागते, आणि मोठे पोते का नको

- ८ आठवड्यांपर्यंत एका पिल्लाला मिळून सुमारे २ किलो खाद्य लागते. १० पिल्लांना २० किलो धरा.
- त्यानंतर अंड्यावर येईपर्यंत प्रत्येकी आणखी ५ किलोच्या आसपास.
- अंड्यावरच्या संकरित कोंबडीला रोज १०० ते १२० ग्रॅम. लहान चणीच्या गावरान कोंबडीला त्याहून थोडे कमी.

हिशेब करून पाहा. पाच कोंबड्यांना दिवसाला साधारण ५५० ग्रॅम, म्हणजे महिन्याला साडेसोळा किलो लागतात. ५० किलोचे पोते घेतले तर तीन महिने पुरेल. चेन्नईच्या हवेत तीन महिने उघडे पोते ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. महिना-दीड महिन्यात संपेल एवढेच आणा. दोन-तीन घरांनी मिळून एक पोते घेतले तर उत्तम. दुकानातून सुटे घेत असाल तर पोते तुमच्यासमोर उघडायला सांगा किंवा निदान त्यावरची तारीख पाहून घ्या.

तयार खाद्य की घरचे मिश्रण?

दहाच्या आत कोंबड्या असतील तर माझे स्पष्ट मत आहे: तयार खाद्य घ्या. पिल्लांसाठी तर घरी मिश्रण करूच नका. त्यांना जीवनसत्त्वे आणि क्षार इतक्या बारीक मापाने लागतात की घरच्या वजनकाट्यावर ते जमत नाही.

अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मिश्रण करायचेच असेल तर १० किलोचा हा एक चालणारा हिशेब:

- भरडलेला मका ४.५ किलो
- तांदळाची कणी किंवा बाजरी १ किलो
- तांदळाचा कोंडा ९०० ग्रॅम
- सोयाबीन पेंड २.२ किलो
- बिनमिठाची सुकी मासळी, कुटून ४०० ग्रॅम
- शिंपल्यांचा चुरा ८०० ग्रॅम
- कोंबड्यांचे क्षारमिश्रण २०० ग्रॅम
- जीवनसत्त्वांचे मिश्रण पाकिटावरच्या मापाने, मीठ ३० ग्रॅम

यातून प्रथिने साडेसतरा टक्क्यांच्या जवळपास येतात. सगळे एकदम ओतून ढवळू नका. मीठ, क्षार आणि जीवनसत्त्वे आधी किलोभर कोंड्यात-भरड्यात मिसळा, मग तो किलो बाकीच्यात मिसळा. नाहीतर एका कोंबडीला सगळे मीठ आणि दुसरीला काहीच नाही, असे होते.

दुकानात विचारताना उपयोगी पडतील अशी नावे: मका म्हणजे मक्काचोळम, बाजरी म्हणजे कंबु, कणी म्हणजे नोय्, कोंडा म्हणजे तविडु, पेंड म्हणजे पुण्णाक्कु आणि सुकी मासळी म्हणजे करुवाडु. करुवाडु घेताना फार सांभाळा. माणसांसाठी विकली जाणारी सुकी मासळी खारवलेली असते आणि कोंबडीला जादा मीठ विषासारखे बाधते. बिनमिठाची मिळाली नाही तर मासळी वगळा आणि सोयाबीन पेंड तेवढी वाढवा. खारी मासळी धुऊन घालण्याच्या फंदात पडू नका. किती मीठ उरले, हे तुम्हाला कळत नाही.

कच्चे सोयाबीन भरडून घालू नका. त्यातला एक घटक प्रथिनांचे पचन अडवतो. तेल काढलेली, भाजून निघालेली पेंडच वापरा.

दमट हवा आणि बुरशी: चेन्नईतला खरा धोका

ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात इथे धान्य दोन आठवड्यांत वास मारू लागते. मका आणि शेंगदाणा पेंड यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते यकृत खराब करते, अंडी घटतात, पिल्ले पटापट मरतात. भारतीय मानक ब्यूरोच्या कोंबडीखाद्याच्या आयएस १३७४ या मानकात त्याची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. एवढ्या थोड्या प्रमाणातले विष डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दिसेपर्यंत थांबू नका.

पोत्यात कोपरापर्यंत हात घालून आतले मूठभर खाद्य बाहेर काढा. गरम लागले, गुठळ्या झाल्या असतील, कुबट वास आला किंवा मक्याच्या दाण्याच्या टोकाशी निळसर-हिरवी छटा दिसली तर ते टाकून द्या. उन्हात वाळवले, भाजले किंवा धुतले तरी अफ्लाटॉक्सिन जात नाही. वरची बुरशी काढून खालचे वापरणे हाही उपाय नव्हे. हे खाद्य गाईलाही घालू नका, विष दुधात उतरते.

- पोते भिंतीला टेकवू नका आणि जमिनीवर ठेवू नका, खाली लाकडी पाट घाला.
- घट्ट झाकणाच्या कोरड्या पिंपात ठेवा. उंदीर-घुशींचाही बंदोबस्त होतो.
- जुने संपवून पिंप पुसून वाळवा, मगच नवे ओता.
- पाण्यात कालवलेला मॅश कोंबड्या आवडीने खातात, पण इथे तो काही तासांत आंबतो. अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा.

पातळ कवच आणि शिंपल्यांचा चुरा

एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. खाल्लेले सगळे अंगी लागत नाही, म्हणून कोंबडीला रोज साडेतीन ते चार ग्रॅम लागते. कवच बहुतांशी रात्री तयार होते, त्यामुळे चुरा संध्याकाळी ठेवणे जास्त उपयोगाचे. चुरा रव्यापेक्षा जाडसर असावा, पोटात तो हळूहळू विरघळतो.

घरची अंड्यांची टरफले चालतात. ती उकळून किंवा भाजून, वाळवून, ओळखू येणार नाहीत इतकी कुटून घाला. अर्धवट फुटलेली टरफले घातली तर कोंबडीला अंडे फोडून खायची सवय लागते आणि ती सुटता सुटत नाही. पाण्यात खायचा चुना कालवून देण्याची पद्धत सोडून द्या, तो चोच आणि घसा भाजतो.

अख्खे दाणे खाणाऱ्या गच्चीवरच्या कोंबडीला दळायला खडेही लागतात, कारण तिला दात नाहीत. नदीची जाडी वाळू धुऊन ठेवा. समुद्राची वाळू आणू नका, ती खारट असते.

पाणी आणि कत्तिरीचे दिवस

कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते, कडक उन्हात त्याहून कितीतरी जास्त. काही तास पाणी तुटले तरी दुसऱ्या दिवसापासून अंडी घटतात. किनाऱ्याजवळच्या भागांत बोअरचे पाणी खारट असते. ते पिल्लांना मुळीच देऊ नका.

मे महिन्यात इथे कत्तिरी, म्हणजे अग्निनक्षत्राचे दिवस येतात. तेव्हा खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या, दुपारी भांडे उचलून ठेवा. पचनाने अंगात उष्णता वाढते आणि दुपारच्या जेवणाने कोंबडी दगावू शकते. उन्हाळ्यात अंडी लहान आणि पातळ कवचाची होतात, कारण कोंबडी कमी खाते आणि धापा टाकताना कवचाला लागणारा वायू शरीरातून जातो. पाण्याचे भांडे सावलीत ठेवा, मातीचे असेल तर फार चांगले, आणि दुपारी दोनदा बदला.

स्वयंपाकघरातले काय चालते

रोजच्या खाद्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त वरचे खाणे नको. पाच कोंबड्यांना मिळून एक मूठ, एवढेच.

- चालते: शेवग्याचा आणि हदग्याचा पाला, माठ, कोबीची बाहेरची पाने धुऊन, पपई, कलिंगडाची साले, बिनमिठाचा भात, उरलेली इडली.
- नको: लोणचे, पापड, सांबार, तळण, कॉफीचा चोथा, चॉकलेट, हिरवट पडलेला बटाटा, अॅव्होकाडो, कच्च्या मरवळ्ळीची, म्हणजे टॅपिओकाच्या कंदाची साले, सुबाभळीचा पाला, एरंडीची पेंड.

कोयंबेडूच्या बाजारातला फेकलेला भाजीपाला फुकट मिळतो, पण त्यावर फवारणी असते. भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय घालू नका.

अझोलाचे, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या नेच्याचे, फार कौतुक ऐकाल. उथळ टाकीत सावलीत तो सहज वाढतो आणि जरूर घाला, पण त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. त्याच्या भरवशावर मॅश कमी करू नका. तमिळनाडूच्या खेड्यांत पिल्लांसाठी वाळवी धरतात: जुन्या मडक्यात फाटके गोणपाट, वाळके शेण आणि काडीकचरा भरून पाणी शिंपडतात आणि वारुळाजवळ ते रात्रभर उपडे ठेवतात. सकाळी मडके वाळवीने भरलेले असते. शेतघरी हा उत्तम प्रकार आहे, लाकडी दारे-खिडक्यांच्या घराजवळ मात्र करू नका.

खाद्य ठीक आहे, तरी अंडी बंद?

मग खाद्य बदलत बसू नका, उजेड मोजा. भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. चेन्नईत जूनमध्येही दिवस जेमतेम १३ तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये साडेअकराच्या आत येतो. खुराड्यात पहाटे एक दिवा लावून तास पुरे करता येतात. कोंबडी खुडूक बसली असेल किंवा पिसे झाडत असेल तर थांबावे लागते. पिसे झाडण्याच्या काळात प्रथिने जास्त द्या. पुन्हा अंड्यावर आणण्यासाठी उपाशी ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११खाली गुन्हा आहे.

विष्ठेत रक्त दिसले, हिरवे जुलाब झाले किंवा मान वाकडी झाली तर तो खाद्याचा प्रश्न नव्हे. वेपेरीला मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय १९०३ पासून आहे. तिथल्या रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. मानमोडी रोगावर खाद्यातून देता येणारी गोळीरूप लस तनुवासने विकसित केली आहे, तिची चौकशी तिथेच करा. पाण्यातून लस देणार असाल तर नळाचे क्लोरीनयुक्त पाणी वापरू नका, क्लोरीनने लस मरते.

पोते घेताना तुमचे हक्क

- मालाचा दर्जा, वजन आणि शुद्धता जाणून घेण्याचा हक्क तुम्हाला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला आहे. बिल न देणे ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. पक्के बिल मागाच.
- खराब पोते निघाले तर फोटो काढा, लेबल आणि मूठभर नमुना जपून ठेवा, आधी दुकानदाराला लेखी कळवा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.
- खाद्यात औषध मिसळलेले आहे का, हे विचारा. पिल्लांच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवरचे औषध असते. ते अंड्यावरच्या कोंबडीला घालू नका.
- कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना देण्यासाठी विकायला केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली आहे. ‘वाढीची पावडर’ म्हणून सुटी पुडी कोणी दिली तर घेऊ नका.

कोणतेही औषध सुरू करताना डॉक्टरांना विचारा, की अंडी किती दिवस खायची नाहीत. तेवढे दिवस ती अंडी स्वतः खाऊ नका आणि शेजाऱ्यांनाही देऊ नका.